एकच नग हवाय? घरबसल्या लेझर कटिंग करून घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे लेझर मशीन नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ओळखीपाळखीतून येणारा पहिला फोन बहुतेक वेळा "तुमचं मशीन बघायला येऊ का?" असाच असतो. मी घरच्या कॉम्प्युटरवर रेषा काढतो, फाइल एखाद्या ऑनलाइन सेवेला किंवा ओळखीच्या दुकानाला पाठवतो, तिथलं मशीन त्या रेषांवरून लाकडाचं किंवा ॲक्रिलिकचं सपाट शीट लेझरने कापतं आणि काही दिवसांनी कुरिअरवाला एक सपाट खोकं आणून देतो. गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले, की उत्तरं एकदाच लिहून ठेवावीत असं ठरवलं.

म्हणजे मला नक्की काय करावं लागतं?

चित्र नव्हे, रेषा काढाव्या लागतात. लेझरला फोटो कळत नाही, त्याला मार्ग कळतो: इथून निघ, असा वळ, इथे थांब. म्हणून फाइल व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांची नव्हे तर रेषांची, असावी लागते. इंकस्केप हे अशा रेषा काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि शिकायला पुरेसं आहे. आपल्याकडची बहुतेक दुकानं मात्र कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरवर चालतात. तुम्ही इंकस्केपमधून डीएक्सएफ किंवा पीडीएफ पाठवलीत तरी दुकानदार ती कोरलमध्येच उघडणार हे धरून चाला. ऑनलाइन सेवांवर फाइल चढवली, शीट निवडलं, जाडी निवडली की किंमत लगेच समोर येते. कापायच्या रेषेचा रंग एक, कोरायच्या रेषेचा दुसरा, हा संकेत प्रत्येकाचा वेगळा असतो. तेवढा वाचल्याशिवाय पाठवू नका.

एकच नग करून मिळतो? मग परवडतो कसा?

या सगळ्यातली खरी गंमत हीच आहे. प्लॅस्टिकची साधी बटणं करायची म्हटली तरी आधी साचा लागतो. साच्याचा खर्च हजारो नगांवर पसरला तरच बटण स्वस्त पडतं. लेझरला साचाच नाही. पहिला नग आणि शंभरावा नग कापायला सारखाच वेळ लागतो. त्यामुळे 'किमान पाचशे घ्यावे लागतील' हे वाक्य इथे ऐकू येत नाही. ऐकू येतं ते 'किमान बिल इतकं', आणि ते एका शीटमध्ये सहज बसतं.

म्हणूनच दुकानात आयती मिळणारी वस्तू लेझरवर करून घेऊ नका. ती नेहमी महागच पडेल. जी वस्तू जगात फक्त तुम्हालाच हवी आहे, तिच्यासाठी हा मार्ग आहे.

ही कल्पना आली कुठून?

दुकानांतल्या, लाकूड आणि ॲक्रिलिक कापणाऱ्या बहुतेक छोट्या मशीनमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर असतो. तो १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये कुमार पटेल यांनी शोधला. पटेलांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. इंजिनिअरिंग त्यांनी पुण्याच्या सीओईपीमधून केलं आणि मग ते स्टॅनफर्डला गेले. गल्लीतल्या दुकानात दिवसभर घरघरणाऱ्या लेझरच्या नळीचं मूळ बारामतीकराच्या डोक्यात आहे, हे दुकानदाराला सांगून पाहा. निदान चहा तरी मिळतो.

फाइल चढवा आणि वस्तू घरपोच मागवा, ही पद्धत रुळवणाऱ्यांपैकी पोनोको ही न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनची कंपनी. २००७ साली तिने सेवा सुरू केली. तिच्या शीटची मापं, १८१ बाय १८१, ३८४ बाय ३८४ आणि ७९० बाय ३८४ मिलिमीटर, जगभरच्या हौशी लोकांना तोंडपाठ होती. मावेल का, हा पहिला विचार त्या चौकटीतच व्हायचा.

तिसरा धागा फॅब लॅबचा. एमआयटीतल्या नील गर्शनफेल्ड यांनी सामान्य माणसाला यंत्रं वापरू देणारी कार्यशाळा कल्पिली, आणि एमआयटीबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला, विज्ञान आश्रमात सुरू झाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो आश्रम १९८३ साली शिक्षणासाठी काढला होता: हाताने काम करत करत शिकायचं. अशा ठिकाणी हे यंत्र येणं मला योगायोग वाटत नाही.

मला कलाबिला काही येत नाही. मी काय करून घेऊ?

कलेपेक्षा गरज शोधा. माझ्या ओळखीत सगळ्यात जास्त वापर झालेली वस्तू कुठली विचाराल तर ब्लाऊजचे साचे. मावशी शिवणकाम करतात. त्यांचे कागदी साचे दर दोन-तीन वर्षांनी फाटायचे. ते स्कॅन करून २ मिलिमीटर एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) कापून घेतले, प्रत्येकावर माप कोरलं, टांगायला एक भोक ठेवलं. दिसायला अगदी साधं काम. पण त्या साच्यांना रोज हात लागतो, आणि दिवाणखान्यातल्या माझ्या नक्षीदार घड्याळाकडे आठवड्यातून एकदाही कोणी बघत नाही.

सणासमारंभात तर विचारूच नका. लग्नाच्या रुखवतात आता लेझरने कापलेल्या बैलगाड्या, तुळशी वृंदावनं, जात्यावर बसलेल्या बायका सर्रास दिसतात. मात्र बाजारात मिळणारा तोच संच सगळ्या लग्नांत फिरतो. करायचंच असेल तर नवरीच्या आजोळच्या घराची दर्शनी बाजू करा, ओटा आणि खिडक्यांच्या गजांसकट. फोटोवरून रेषा काढायला दोन संध्याकाळी जातात.

गणपतीच्या मखरांचं चित्र २०१८ मध्ये बदललं. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि पुठ्ठा, कागद, एमडीएफ यांची मखरं पुढे आली. लेझरवर कापलेल्या मखराचा माझ्या मते सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते खाचांत बसतं, खिळा-फेविकॉल लागत नाही. विसर्जनानंतर सुटं करून गादीखाली सपाट ठेवता येतं. ज्यांचं घर दोन खोल्यांचं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

नावाची पाटी मराठीत हवी आहे. काही अडचण?

अडचणीही आहेत आणि एक मोठी सोयही आहे. इंग्रजी नाव कापलं की प्रत्येक अक्षर सुटं पडतं. देवनागरीत शिरोरेखा सगळी अक्षरं धरून ठेवते, त्यामुळे 'कविता' हे अख्खं नाव एका तुकड्यात हातात येतं. जणू लिपी लेझरसाठीच घडवली आहे, असं पहिल्या पाटीनंतर वाटतं.

दुसऱ्या पाटीला भ्रम फिटतो. माझी दुसरी पाटी 'शुभदा' होती. ध, भ, थ या अक्षरांच्या डाव्या बाजूला शिरोरेखा नसते. त्यामुळे बहुतेक फॉन्टमध्ये 'शु' वेगळा आणि 'भदा' वेगळं निघतं. 'माधव', 'प्रथमेश' यांचंही तेच. 'आनंद', 'मंगल' मधलं अनुस्वाराचं टिंब तर सुटणारच, चंद्रबिंदूही सुटणार. पाटी हवेत लटकवायची असेल तर टिंब थोडं खाली ओढून शिरोरेखेला चिकटवावं लागतं. ते चामखिळीसारखं दिसतं. त्यापेक्षा मागे दुसऱ्या रंगाची पट्टी घ्या आणि अक्षरं तिच्यावर चिकटवा. इथे एक युक्ती: अक्षरं कापून झाल्यावर उरलेली शीटची चौकट दुकानदाराला फेकू देऊ नका, तीही मागून घ्या. ती पट्टीवर ठेवायची आणि प्रत्येक अक्षर, प्रत्येक टिंब आपापल्या भोकात सोडायचं. अंतरं आपोआप बरोबर येतात.

आणखी तीन गोष्टी. टाइप केलेली अक्षरं एकमेकांवर किंचित चढलेली असतात. ती वेल्ड केल्याशिवाय, म्हणजे जोडून एकच आकार केल्याशिवाय, पाठवली तर लेझर प्रत्येक जोडावर आडवा कापतो आणि शिरोरेखेचे तुकडे होतात. मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांमध्ये, बदला, नाहीतर दुकानदाराकडे तो फॉन्ट नसला की वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. आणि अक्षराची सगळ्यात बारीक रेघ शीटच्या जाडीपेक्षा कमी ठेवू नका. ३ मिलिमीटरच्या शीटवर दीड मिलिमीटरचा उकार कुरिअरमध्येच मोडतो.

फॉन्टचं म्हणाल तर मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्त' आणि 'बलू' हे दोन्ही मोफत आहेत आणि त्यांच्या जाड वजनांत अक्षरं दणकट येतात. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलेला 'यात्रा वन'सुद्धा छान कापला जातो. पाकळीचा ल आणि देठाचा श येतोय ना, हे मात्र डोळ्यांनी बघून घ्या. मजकुराची भाषा मराठी ठेवली नाही तर काही फॉन्ट हिंदी वळण दाखवतात. दारावर आयुष्यभर ते बघत बसावं लागतं.

रांगोळीचा छाप करायचा आहे. अक्षरांची भोकं पाडली तर?

मग सगळं उलटं होतं. पाटीत मदत करणारी शिरोरेखा इथे घात करते. प, म, य, स यांच्या पोटातली जागा शिरोरेखेमुळे बंद होते आणि कापल्यावर ते पोट गळून पडतं. म्हणून प्रत्येक बंद जागेला दोन ते तीन मिलिमीटरचा एक पूल ठेवावा लागतो. शिरोरेखेतच, दंडाच्या अलीकडे पूल ठेवला तर रांगोळीत तो दिसत नाही, बोटाने पुसून घेता येतो. २ मिलिमीटर ॲक्रिलिक घ्या. एमडीएफ ओल्या अंगणात फुगतं.

मुलांना दिवाळीचा किल्ला लेझरवर करून देता येईल का?

मातीचा किल्ला मातीचाच करावा, चिखलात हात घालण्यासाठीच तो असतो. पण घरात ठेवायला खऱ्या डोंगराची प्रतिकृती हवी असेल तर हे काम फार सुंदर होतं, आणि हिशेबही असा जुळतो की मला अजून मजा वाटते.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशांवर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. तुम्ही प्रतिकृती १:१०,००० ला केली, तर २० मीटर म्हणजे बरोबर २ मिलिमीटर. म्हणजे २ मिलिमीटरचं एक शीट म्हणजे नकाशावरची एक रेषा. सिंहगडची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३१२ मीटर. त्याचे वरचे ६०० मीटर घेतले तर ३० थर, उंची ६ सेंटिमीटर. तीन किलोमीटर लांबी-रुंदी म्हणजे ३० बाय ३० सेंटिमीटर. टेबलावर बसतो.

उंचीची माहिती फुकट मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने रडारने पृथ्वी मोजली, ती एसआरटीएमची आकडेवारी ३० मीटरच्या जाळ्यात उपलब्ध आहे. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती उघडायची, २० मीटरच्या रेषा काढायच्या, फाइल बाहेर घ्यायची. ३० मीटर म्हणजे आपल्या प्रतिकृतीत ३ मिलिमीटर, त्यामुळे बुरूज आणि तटबंदी यात दिसणार नाहीत. तट वेगळा काढून वर कोरावा लागतो.

तीस थरांना तीस शीटं लागत नाहीत. विषम रेषा एका शीटवर, सम रेषा दुसऱ्यावर कापल्या की प्रत्येक थर एक कडं होतं आणि कडी एकावर एक टेकत जातात. डोंगर आतून पोकळ राहतो. हे पुस्तकी उत्तर झालं. सह्याद्रीत ते फसतं. साठ अंशांच्या उतारावर २० मीटर उंचीला आडवं अंतर जेमतेम साडेअकरा मीटर, म्हणजे प्रतिकृतीत एक मिलिमीटरच्या जरा वर. एवढ्याशा टेकूवर वरचं कडं राहत नाही, आणि डोंगराच्या उभ्या कड्यापाशी ते अरुंद कडंही जळून तुटतं. चार शीटं घ्या, चौथी-चौथी रेषा एका शीटवर टाका. टेकायला तिप्पट जागा मिळते. प्रत्येक थरावर आकडा कोरून घ्या, वरच्या थराखाली झाकला जाईल अशा जागी. मी पहिल्या खेपेला आकडे घातले नाहीत आणि अख्खा रविवार एकसारख्या दिसणाऱ्या कड्यांकडे बघण्यात गेला.

महाराष्ट्राच्या नकाशाचं जिगसॉ?

करा, जरूर करा. जिल्हे खेळता खेळता पाठ होतात. २०१४ मध्ये पालघर झाल्यापासून तुकडे ३६. राज्याची पूर्व-पश्चिम लांबी साधारण ८०० किलोमीटर, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे दोन किलोमीटर. अहिल्यानगर, पुणे, नाशिक हे ऐसपैस तळहाताएवढे तुकडे होतात. मुंबई शहर जिल्हा मात्र नऊ मिलिमीटर लांब आणि दोन-तीन मिलिमीटर रुंद. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. तो कापताना मशीनच्या जाळीतून खाली पडतो. मुंबई शहर आणि उपनगर एकत्र ठेवा आणि मधली सीमा फक्त कोरा. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर हा सल्ला ऐकाच.

कोकणचे नागमोडी किनारे सरळ करू नका, पण दर अर्ध्या मिलिमीटरला वळणारी रेषाही ठेवू नका. लेझर प्रत्येक वळणावर मंदावतो आणि तिथे लाकूड काळं पडतं.

कुठलं सामान चालतं, कुठलं नाही?

एमडीएफ, प्लायवूड, ॲक्रिलिक, पुठ्ठा, कागद, सुती कापड, नमदा चालतात. काचेवर कोरता येतं, काच कापता येत नाही. चामडं चालतं, पण वनस्पतींनी कमावलेलं. कोल्हापुरी चपलेचं चामडं तसं असतं. क्रोमने कमावलेलं चामडं जाळताना निघणारा धूर घातक असतो, तिथे नको.

आता ज्यावर सगळे अडतात ते: सनबोर्ड. शाळेच्या प्रोजेक्टला सर्रास वापरतात, पांढरा, हलका, स्टेशनरीत मिळतो. तो पीव्हीसीचा फोम असतो. फ्लेक्सचा बॅनर पीव्हीसी, बरंचसं रेक्झिन पीव्हीसी, विनाइल स्टिकर पीव्हीसी. लेझरने पीव्हीसी जाळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. माणसाच्या फुप्फुसाला वाईट आणि मशीनचे आरसे, रूळ गंजवणारा. कुणी "कापून देतो" म्हणालं तर समजा की त्याला माहीत नाही, किंवा मशीन त्याचं नाही. पॉलिकार्बोनेट पिवळं पडून जळतं. दिसायला ते ॲक्रिलिकसारखंच असतं, म्हणून घरून शीट घेऊन जाणार असाल तर आधी खात्री करा.

प्लायवूड नेलं होतं, मधेमधे कापलंच नाही. दुकानदार माझ्यावर ओरडला.

मरीन प्लाय नेलं असणार. चांगलं, महागाचं, पाण्यात टिकणारं म्हणून लोक तेच नेतात. त्यातला फिनॉलचा गोंद लेझरला दाद देत नाही, नुसता काळा पडतो. शिवाय आतल्या थरात गाठी आणि भरलेली भोकं असतात, त्या वरून दिसत नाहीत. साध्या कामाला ३ मिलिमीटर एमडीएफ घ्या. सगळीकडे सारखं असतं. त्याची एकच खोड, पाणी. कोकणातल्या पावसाळ्यात उघडं एमडीएफ बिस्किटासारखं फुगतं. कडांना दोन हात वॉर्निश द्या, कडा जास्त पाणी पितात.

डबा करून घेतला. खाचा ढिल्या बसतात. चूक कुणाची?

बहुधा तुमची. माझीही होती.

लेझरचा किरण म्हणजे शून्य जाडीची रेषा नव्हे. तो जाताना लाकूड खातो, साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर. या खाल्लेल्या जागेला कर्फ म्हणतात. समजा कर्फ ०.२ आहे. ५० मिलिमीटरचा तुकडा काढलात तर हातात ४९.८ चा येतो, आणि ३ मिलिमीटरची खाच ३.२ ची होते. त्यात ३ मिलिमीटरचं शीट सरकवलं की खुळखुळणारच. खाच २.८ ची काढा.

पण थांबा, '३ मिलिमीटर' शीट तरी ३ चं असतं का? मी २.७ पासून ३.२ पर्यंत सगळं मोजलेलं आहे. म्हणून प्रत्येक नव्या शीटच्या कोपऱ्यावर एक कंगवा कापून घ्यायचा: २.६, २.७, २.८ अशा वाढत्या रुंदीच्या खाचा, प्रत्येकीखाली आकडा. त्याच शीटचा तुकडा कुठल्या खाचेत दाबून बसतो ते बघायचं. ऑनलाइन मागवत असाल तर पहिल्या ऑर्डरमध्येच कंगवा टाका आणि जपून ठेवा. मेकरकेस, बॉक्सेस डॉट पाय यांसारख्या मोफत साइट मापं आणि कर्फ विचारून अख्ख्या डब्याच्या रेषा काढून देतात. सुरुवातीला त्याच वापरा, दात मोजत बसू नका.

आणि सगळ्यात आधी वहीच्या पुठ्ठ्यातून कात्रीने एक नमुना कापा. झाकण उघडताना मागे अडकतंय, हे पुठ्ठा दहा मिनिटांत सांगतो आणि कुरिअर चार दिवसांनी.

वस्तू भलत्याच मापाची आली.

एसव्हीजी प्रकारची फाइल पाठवली होती ना? त्या फाइलमधलं माप कधी कधी पिक्सेलमध्ये असतं, आणि एका इंचात पिक्सेल किती याबद्दल सॉफ्टवेअरांचं एकमत नाही. आताचं इंकस्केप ९६ मानतं, ०.९२ आवृत्तीच्या आधीचं ९० मानायचं, इलस्ट्रेटर ७२. म्हणून ३०० मिलिमीटरची पट्टी कुठे ४०० ची होते, कुठे २८१ ची. उपाय गावठी आहे आणि हमखास चालतो: फाइलमध्ये एका बाजूला १०० मिलिमीटरचा चौकोन काढा आणि शेजारी लिहा, 'हा चौकोन १०० मिमी आहे, नसेल तर फोन करा'.

बिल कशावर ठरतं? एवढ्याशा कोरीव कामाचे इतके पैसे?

सामान, मशीनचा वेळ, कुरिअर, जीएसटी. यातला वेळ आपल्या हातात असतो. १० सेंटिमीटरचा चौकोन कापायला किरणाला ४०० मिलिमीटर चालावं लागतं. सेकंदाला १५ मिलिमीटर धरले तर अर्ध्या मिनिटाच्या आत काम झालं. तोच चौकोन आतून काळा कोरायचा म्हटला तर डोकं प्रिंटरसारखं मागेपुढे जातं. दर ०.१ मिलिमीटरला एक फेरी, म्हणजे १,००० फेऱ्या, १०० मीटर चाल. सेकंदाला ३०० मिलिमीटरने गेलं तरी साडेपाच मिनिटं, वळायचा वेळ वेगळा. म्हणून भरीव वारली चित्रापेक्षा रेषांचं वारली चित्र कितीतरी स्वस्त पडतं. दुसरी चोरटी गळती म्हणजे एकावर एक पडलेल्या दोन रेषा. दिसते एक, लेझर कापतो दोनदा, पैसेही दोनदा.

मोदकाचा साचा करून मिळेल?

नाही. लेझर सपाट शीट आरपार कापतो, कळ्या पाडत नाही. पोळपाटावर नाव कोरून द्याल का, असंही एका ताईंनी विचारलं होतं. कोरता येईल, पण त्यात रोज कणीक भरेल.

पत्र्याचं काम?

छोट्या कार्बन डायऑक्साइड मशीनवर नाही. त्याला फायबर लेझर लागतो. भोसरीसारख्या औद्योगिक भागात ते काम होतं, पण तिथली माणसं टनात विचार करतात. तुमचं एक ब्रॅकेट करून हवं असेल तर फाइल नीट डीएक्सएफमध्ये न्या, दुपारच्या जेवणानंतर जा, आणि उरलेल्या पत्र्यातून कापून द्या म्हणा.

नेटवर एक सुंदर डिझाइन सापडलं. तेच कापून घेतलं तर?

घरी एक नग लावण्यासाठी कुणी पोलीस येणार नाही. विकायला बसलात की गोष्ट वेगळी होते. फाइलबरोबरचा परवाना वाचा, बऱ्याच मोफत फाइल फक्त घरगुती वापरासाठी असतात. मला स्वतःला उसन्या डिझाइनचा कंटाळा येतो. एकच नग करून घेण्याची सोय असताना दुसऱ्याच्याच घरातली वस्तू कशाला?

मीच एक छोटं मशीन घेऊ का?

आधी वर्षभर बाहेरून करून घ्या. घरी वापरायची स्वस्त मशीनं बहुतेक निळ्या डायोड लेझरची असतात. पातळ प्लाय आणि पुठ्ठा ती कापतात, पण पारदर्शक ॲक्रिलिकमधून निळा प्रकाश सरळ निघून जातो. धुराची नळी खिडकीबाहेर न्यावी लागते, शेजाऱ्यांची खिडकी कुठे उघडते ते बघा. डोळ्यांना धोका असतो, आणि चालू मशीन सोडून चहा करायला जाता येत नाही, कारण आग लागते. लागू शकते असं नव्हे, कधी ना कधी लागतेच.

ॲक्रिलिकला कडेला बारीक तडे गेले.

स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसलं असणार. ताज्या कापलेल्या कडेत ताण असतो, अल्कोहोल लागलं की जाळं पडतं. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं वापरा. चिकटवायला दुकानवाले क्लोरोफॉर्म वापरतात. ते घरात करू नका, त्यांच्याकडूनच करून घ्या.

एखादा तुकडा हरवला किंवा मोडला तर?

फाइल तुमच्याकडे असली तर तेवढाच तुकडा परत. म्हणून फाइल सेवेच्या साइटवर आहे, एवढ्यावर विसंबू नका. शेपवेज ही थ्रीडी प्रिंटिंगची मोठी सेवा. २००७ साली फिलिप्समधून निघाली, आणि जुलै २०२४ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे ती पुन्हा उभी राहिली, पण मधल्या काळात फक्त तिथेच फाइल ठेवलेल्या माणसाने काय करायचं? फाइलच्या नावातच सामान, मोजलेली जाडी आणि तारीख लिहा: 'नकाशा_एमडीएफ_२.९_मे'.

माझ्या नकाशात मुंबई शहर मी सुटंच कापलं होतं, वरचा सल्ला तेव्हा मला कुणी दिला नव्हता. दुसऱ्याच दिवशी भाच्याने ते हरवलं, बहुधा केरात गेलं. पुढच्या ऑर्डरला शीटच्या एका कोपऱ्यात जागा उरली होती, तिथे मी पाच मुंबया टाकल्या. त्यांचं वेगळं बिल लागलं नाही. डब्यात आता दोन उरल्या आहेत.